ओपन सोर्स प्रोजेक्टचं बिल्ड अन् रिलीज ऑटोमॅटिक कसं करायचं: सोलापूरच्या पोरांसाठी गाइड

सोलापुरात हे चित्र नेहमीचं झालंय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला चार पोरं मिळून काहीतरी भारी बनवतात, कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकतात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले दोनचार टॉवेलवाले ते वापरायला पण लागतात, आणि मग रिझल्ट लागला की पोरं पुण्याला. कोड जागेवर असतोय, पण त्याचं इन्स्टॉलर कसं बनवायचं हे ज्याच्या लॅपटॉपला माहिती होतं तो लॅपटॉप हिंजवडीत. फोन केला की म्हणतोय "रविवारी बघतो बे", आणि तो रविवार काही येत नाही.

त्यामुळं सगळ्यात आधी एवढं ठरवून टाका की रिलीज, म्हणजे लोकांना द्यायचं तयार पॅकेज, कुणाच्याच लॅपटॉपवर बनणार नाही, ते रिपॉझिटरीत (प्रोजेक्टचा कोड राहतो ती जागा) लिहिलेल्या पायऱ्यांनुसार मशीन बनवणार आणि माणूस फक्त "हो, सोड" म्हणणार. खाली जे काय सांगतोय ते सगळं ह्याच्यातनंच निघतंय. उदाहरणाला एक छोटं टूल धरू, पायथनमधे लिहिलेलं, टॉवेलची ऑर्डर टाकली की सूत किती लागेल ते काढणारं आणि पाळीप्रमाणं मागाचं प्रॉडक्शन नोंदवणारं. तुमचं प्रोजेक्ट जावास्क्रिप्टमधे असो नाहीतर गोमधे, तत्त्व तेच.

आधी एका कमांडवर आणा

ऑटोमेशन म्हटलं की लोकं डायरेक्ट यामल फाइल (मशीनला पायऱ्या सांगणारी सेटिंगची फाइल) लिहायला बसतात. थांबा जरा. मशीनला सांगायच्या आधी बिल्ड, म्हणजे कोडचं पॅकेज बनवणं, एका कमांडमधे झालं पाहिजे. मेकफाइल (कमांडींची यादी असलेली फाइल) ठेवा नाहीतर साधी शेल स्क्रिप्ट, 'मेक टेस्ट' मारलं की टेस्ट चालल्या पाहिजेत आणि 'मेक बिल्ड' मारलं की डिस्ट फोल्डरात पॅकेज पडलं पाहिजे, बास. "आधी तो फोल्डर बनव, मग ती कॉन्फिग कॉपी कर, विंडोज असेल तर पाथ बदल" असलं जे तोंडी ज्ञान असतंय ते सगळं त्या स्क्रिप्टमधे गेलं पाहिजे.

झालं का नाही हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे रिपॉझिटरी नव्या फोल्डरात क्लोन करा, म्हणजे तिची नवी कॉपी आणा, शक्यतो दुसऱ्याच्या मशीनवर, आणि तीच कमांड मारा. हमखास काहीतरी फुटतंय. एखादी फाइल गिटइग्नोरमुळं (गिटनं सोडायच्या फाइलींची यादी) कधी कमिटच, म्हणजे गिटमधे नोंदच, झालेली नसती, नाहीतर एखादी लायब्ररी तुमच्याकडं दोन वर्षांपूर्वी कशासाठी तरी टाकलेली असती आणि डिपेंडन्सीच्या यादीत तिचं नावच नसतं. लायब्ररींची व्हर्जन पक्की करणारी लॉक फाइल पण कमिट करा, नाहीतर आज चाललेलं बिल्ड पुढच्या महिन्यात कुठल्यातरी लायब्ररीची नवी व्हर्जन आली म्हणून मोडणार आणि तुम्ही स्वतःच्या कोडमधे चूक शोधत बसणार.

सीआय लावणं

सीआय म्हणजे कोड बदलला की टेस्ट अन् बिल्ड आपोआप चालवणारी सर्व्हिस. आता यामल. गिटहब ॲक्शन्स, म्हणजे गिटहबचं स्वतःचं सीआय, वापरत असाल तर डॉट गिटहब नावाच्या फोल्डरात वर्कफ्लोज फोल्डर आणि त्यात एक यामल फाइल, एवढाच पसारा. पब्लिक रिपॉझिटरीला त्यांचे स्टँडर्ड रनर, म्हणजे बिल्ड चालवणारी मशीनं, फुकट आहेत. गिटलॅबचं स्वतःचं सीआय आहे, जेनकिन्स स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतंय, पण छोट्या प्रोजेक्टनं जेनकिन्स सांभाळायच्या नादी लागू नये असं माझं मत, तो सर्व्हर अपडेट करणं हेच एक वेगळं प्रोजेक्ट होऊन बसतंय.

मात्र कुठल्याही एका सर्व्हिसच्या गळ्यात पडू नका. ट्रॅव्हिस सीआय एके काळी ओपन सोर्सवाल्यांचं लाडकं होतं, फुकट होतं, आणि २०२० च्या शेवटी त्यांनी पैशाची पद्धत बदलली तसं शेकड्यानं प्रोजेक्टना बिऱ्हाड हलवायला लागलं. ज्यांची सगळी अक्कल यामलमधे कोंबलेली होती त्यांचे हाल झाले. म्हणूनच मी वर मेकफाइलचा हट्ट धरला, यामलमधे फक्त "कोड आण, पायथन बसव, मेक टेस्ट मार" एवढंच असलं की उद्या दुसरीकडं जायला एक संध्याकाळ पुरती.

ट्रिगर दोनच ठेवा सुरुवातीला, मेन ब्रँचवर पुश झालं की आणि पुल रिक्वेस्ट ("माझा बदल घ्या" म्हणून कुणी पाठवलेला कोड) आली की. मग मेन ब्रँचला प्रोटेक्शन लावा म्हणजे टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय मर्जच होणार नाही, आणि हा नियम मालकालाही लागू होईल असा पर्याय त्यात चालू करा. मॅट्रिक्स लावून लिनक्स, विंडोज आणि पायथनच्या दोनतीन व्हर्जनवर टेस्ट चालवा. ह्यात एक जुनी गंमत आहे, यामलमधे पायथनची व्हर्जन ३.१० लिहिताना कोट टाकले नाहीत तर यामल त्याला दशांश आकडा समजून ३.१ करून टाकतंय, आणि मग "३.१ सापडत नाही" म्हणून बिल्ड लाल. कोट टाका, विषय संपला.

टेस्ट कसल्या लिहायच्या म्हणाल तर ज्याचं उत्तर कारखान्यातला माणूस तोंडी सांगू शकतो तिथनं सुरू करा. सुताचा काउंट म्हणजे एका पाउंडात किती हँक, आणि एक हँक ८४० यार्डाची. म्हणजे २० काउंटचं एकेरी सूत एका पाउंडात १६,८०० यार्ड भरलं पाहिजे, आणि तेच २/२० असं दुहेरी असेल तर निम्मं, ८,४००. ही टेस्ट लिहायला दोन मिनिटं लागत्यात, पण उद्या कुणी उत्साही पोरगं फॉर्म्युला "स्वच्छ" करायला गेलं आणि दुहेरी सुताचा भागाकार उडवला तर सीआय तिथल्या तिथं पकडणार, कारखान्यातनं सुताची निम्मीच ऑर्डर जायच्या आधी.

आपल्याकडच्या लोकांना सीआयवर दोन गोष्टी हमखास चावतात, त्या जरा नीट सांगतो कारण इंग्रजी ट्यूटोरियलमधे त्या सहसा नसतात.

पहिली, वेळ. गिटहबचे रनर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालतात आणि आपण साडेपाच तास पुढं. तुमच्या लॅपटॉपवर पास होणारी तारखेची टेस्ट तिकडं फेल होणार, आणि ती पण कधी कधीच, म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार. रात्रपाळीचं प्रॉडक्शन घ्या. सोलापुरात रात्रीचे दोन वाजलेत तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, त्यामुळं "आजची तारीख" असं नुसतं विचारलं की नोंद चुकीच्या दिवसात जाऊन पडती. कोडमधे टाइमझोन स्पष्ट लिहा, आशिया/कोलकाता, आणि टेस्टमधे खरं घड्याळ न वाचता ठरवलेली वेळ द्या. ह्याच कारणानं रात्री चालणारं शेड्यूल लावताना पण हिशोब करा. रात्री अडीचला बिल्ड पाहिजे असेल तर क्रॉनमधे (शेड्यूलच्या ओळीत) २१ वाजता लिहायचं, आणि बरोबर तासाच्या ठोक्याला रनरवर गर्दी असती म्हणून सातआठ मिनिटं पुढं ढकला. आणखी एक, पब्लिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसली की गिटहब शेड्यूल आपोआप बंद करतंय, त्यामुळं परीक्षेच्या सीझननंतर परत आलात की ते चालू आहे का बघा.

दुसरी, देवनागरी. टूलमधे मराठी मेनू आहेत, लिनक्सवर सगळं मस्त, आणि विंडोज रनरवर युनिकोडची एरर. कारण विंडोजवर पायथन फाइल उघडताना सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग धरतंय, त्यात आपली अक्षरं बसतच नाहीत. फाइल उघडताना प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ (देवनागरी बसणारं एन्कोडिंग) लिहायचं, आणि सीआयमधे पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू करायचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे तो लावायचा. पण नुसता व्हेरिएबल लावून गप्प बसू नका, तो तुमच्या सीआयला आहे, एमआयडीसीतल्या कारखान्याच्या ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपला नाही. लाइन एंडिंगचा (ओळ संपल्याच्या खुणेचा) घोळ पण तिथंच होतोय, गिटॲट्रिब्यूट्स फाइल टाकून ठेवा.

कधी लाल कधी हिरवी अशी नाचणारी टेस्ट असेल तर ती दुरुस्त करा नाहीतर सरळ बाजूला काढा. "परत रन कर, होईल पास" ही सवय लागली की लाल रंगाची किंमतच जाती. आणि सगळं मशीन तिकडं चालतंय म्हटल्यावर मे महिन्यात हिकडं लाइट गेली तरी बिल्ड थांबत नाही, हा फायदा पुण्यामुंबईवाल्यांना सांगून कळायचा नाही.

व्हर्जन नंबर आणि चेंजलॉग

सिमँटिक व्हर्जनिंग वापरा, तीन आकडे. जुनं काही मोडणार असेल तर पहिला वाढवा, नवीन काही दिलं पण जुनं चालतंय तर मधला, नुसती दुरुस्ती असेल तर शेवटचा. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकतं असा त्याचा नियमच आहे, म्हणून लोकं वर्षानुवर्षं ०.९ वर बसून राहत्यात. मला विचाराल तर ज्या दिवशी बाहेरचा पहिला माणूस तुमच्या टूलवर धंदा चालवायला लागला त्या दिवशी १.० करा. तारखेवरनं नंबर देणारे पण आहेत, उबंटू २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, ॲप्लिकेशनला ते चालतं, लायब्ररीला नको.

चेंजलॉग म्हणजे कमिट मेसेजची कॉपी-पेस्ट नव्हे. "फिक्स", "फिक्स २", "आता खरंच फिक्स" हे कारखान्यातल्या सुपरवायझरनं वाचून काय करायचं? काय नवीन, काय बदललं, काय काढलं, काय दुरुस्त झालं आणि सिक्युरिटीचं काय, एवढे भाग पाडून माणसाला कळेल असं लिहा, वापरणारे मराठी असतील तर मराठीत पण. आणि रिलीजच्या आदल्या रात्री नाही, प्रत्येक पुल रिक्वेस्टमधेच एक ओळ टाकायची सक्ती करा.

टॅग मारला की रिलीज

आता मेन काम. दुसरी एक वर्कफ्लो फाइल करा, जिचा ट्रिगर फक्त टॅग, म्हणजे एखाद्या कमिटला चिकटवलेलं व्हर्जनचं नाव. व्ही १.४.० असा टॅग पुश झाला की मशीननं स्वच्छ रनरवर कोड आणायचा, टेस्ट परत चालवायच्या, पॅकेज बनवायचं, बनलेलं पॅकेज वेगळ्या जागी इन्स्टॉल करून एकदा चालवून बघायचं, एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा ठसा) काढायचा, आणि गिटहबवर ड्राफ्ट रिलीज तयार करून थांबायचं. ते मधलं इन्स्टॉल करून बघायचं काम बरेच लोक सोडतात आणि मग सोर्समधनं चालणारं टूल पॅकेजमधे फॉन्टची फाइलच नाही म्हणून बोंबलतंय. ते सोडू नका.

टॅग मारताना ॲनोटेटेड मारा, साधा नको, म्हणजे कुणी कधी मारला ते त्यात राहतं. नुसत्या गिट पुशनं टॅग जात नाही, तो वेगळा पुश करायला लागतो, नवीन पोरं इथं अर्धा तास डोकं खाजवतात. दुसरं, चेकआउट करणारी, म्हणजे रनरवर कोड आणणारी, ॲक्शन (वर्कफ्लोत वापरायची तयार पायरी) डिफॉल्टला फक्त शेवटचा एक कमिट आणती, मागचे टॅग आणत नाही. व्हर्जन टॅगवरनं काढणारं टूल वापरत असाल तर सीआयमधे ०.१ डेव्ह असलं काहीतरी भलतंच व्हर्जन येणार, तेव्हा फेच डेप्थ शून्य करा, म्हणजे सगळा इतिहास येतोय. आणि तिसरं, एका वर्कफ्लोनं गिटहबच्या आपोआप मिळणाऱ्या टोकननं (पासवर्डसारख्या किल्लीनं) टॅग पुश केला तर त्यावर दुसरी वर्कफ्लो सुरू होत नाही, हे मुद्दाम केलेलं आहे नाहीतर चक्र फिरतच राहील. म्हणून टॅग माणसानंच मारावा, ते बरं पण आहे.

मोठा बदल असेल तर आधी रिलीज कँडिडेट (आरसी, म्हणजे पक्क्या रिलीजआधीची चाचणीची व्हर्जन) सोडा, १.५.०-आरसी.१ असा. लिनक्स कर्नलवाले दर नऊदहा आठवड्याला नवीन व्हर्जन काढतात आणि त्यात पहिले दोन आठवडे नवीन कोड घ्यायचे, पुढं दर आठवड्याला एक आरसी, साधारण सातआठ होतात. आपल्याला एक आरसी आणि एक आठवडा पुष्कळ. फक्त तो आठवडा गड्ड्याच्या यात्रेत नको, तेव्हा कारखाना काय अन् कॉलेज काय, टेस्ट करायला कोण भेटत नाही.

आणि टॅग एकदा बाहेर गेला की हलवायचा नाही. चुकीच्या कमिटवर पडला तरी नाही. ट्रान्सपोर्टला गेलेल्या गाठीचं लेबल मागनं कागदावर बदलून काय होणार, ज्याच्याकडं माल पोचला त्याच्याकडं जुनंच लेबल आहे. नवीन नंबर घ्या आणि पुढं चला, नंबरला पैसे पडत नाहीत.

हे वाचल्याशिवाय पब्लिश बटन दाबू नका

रिलीज मशीननं का बनवायचं ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे एक्सझेड, फाइल दाबून लहान करणारं टूल. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड ह्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरनं जाहीर केलं की एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ मधे चोरून आत शिरायचा मागचा दरवाजा आहे. त्याला संशय आला तो एसएसएच (दुरून सर्व्हरवर जायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. आपल्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की तो दरवाजा उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमधे नव्हतीच, मेंटेनरनं हातानं बनवून अपलोड केलेल्या टारबॉलमधे (सोर्सच्या गाठोड्यात) होती. कोड वाचणाऱ्याला ती दिसणारच नव्हती. पॅकेज टॅगवरनं, सगळ्यांना लॉग दिसेल अशा मशीनवर बनलं की ही फट बरीच बुजती. पूर्ण बुजवायची तर रिप्रोड्युसिबल बिल्ड, म्हणजे कुणीही तोच सोर्स घेऊन बनवलं तरी बाइट न बाइट तेच पॅकेज आलं पाहिजे, डेबियनवाले त्यावर अनेक वर्षं काम करतायत. सुरुवात म्हणून सोर्स डेट एपॉक हा व्हेरिएबल कमिटच्या वेळेवर सेट करा, पॅकेजमधे बिल्डची वेळ घुसल्यानं पण फरक पडतो.

मग मशीनलाच कुणी फितवलं तर? तेही झालंय. मार्च २०२५ मधे टीजे-ॲक्शन्सची चेंज्ड फाइल्स नावाची ॲक्शन, हजारो रिपॉझिटरी वापरत होत्या, तिचे जुने टॅग कुणीतरी वाईट कोडवर वळवले आणि लोकांची सीक्रेट्स (पासवर्ड, टोकन) बिल्डच्या लॉगमधे छापून यायला लागली. उपाय, बाहेरची ॲक्शन टॅगनं नाही तर पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅशनं लिहा, दिसायला घाण दिसतं पण टॅगसारखं ते कुणाला मागच्या मागं वळवता येत नाही. अपडेट करायला डिपेंडाबॉट (नवी व्हर्जन सुचवणारा गिटहबचा बॉट) लावा. आणि मुळात जे काम दोन ओळींच्या शेलमधे होतंय त्याला ॲक्शन आणूच नका.

वर्कफ्लोच्या टोकनची परमिशन वरतीच फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि रिलीजच्या जॉबला तेवढी लिहायची द्या. फोर्कमधनं (दुसऱ्यानं केलेल्या कॉपीतनं) आलेल्या पुल रिक्वेस्टला गिटहब सीक्रेट्स देत नाही, हे बरोबरच आहे, पण ते "अडचणीचं" वाटून काही जण पुल रिक्वेस्ट टार्गेट नावाचा दुसरा ट्रिगर लावतात आणि त्यात अनोळखी माणसाचा कोड चालवतात. म्हणजे तिजोरी उघडी ठेवून पाहुण्याला एकट्याला बसवल्यासारखं, असलं करू नका.

पायपीआयवर (पायथनची पॅकेज मिळायची जागा) टाकायला पूर्वी टोकन बनवून सीक्रेटमधे ठेवायला लागायचं. एप्रिल २०२३ पासनं तिथं ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, म्हणजे पायपीआयला सांगून ठेवायचं की ह्या रिपॉझिटरीच्या ह्या वर्कफ्लोवर विश्वास ठेव, मग दरवेळी थोड्या मिनिटांपुरतं टोकन आपोआप मिळतंय. चोरायला कायमचं काही शिल्लकच नाही. एनपीएमनं (जावास्क्रिप्टच्या पॅकेजची तशीच जागा) पण २०२५ मधे ते आणलं. पुण्याला गेलेल्या पोराच्या नावावरचं टोकन कुठं आहे ही कटकट पण त्याच्याबरोबर गेली.

चुकलं तर

चुकणारच. पायपीआयवर एकदा टाकलेली फाइल डिलीट केली तरी त्याच नावानं परत टाकता येत नाही, एनपीएमवर ७२ तासांच्या आत काढता येतं पण तो नंबर परत वापरता येत नाही. २०१६ मधे लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं तर जगभरची बिल्ड मोडली होती, त्यानंतर एनपीएमनं काढायचे नियम कडक केले. तेव्हा डिलीटच्या मागं लागू नका. पायपीआयवर यँक करा, म्हणजे ज्यांनी ती व्हर्जन पक्की लिहिलीय त्यांना मिळत राहती, नवीन कुणाला मिळत नाही, आणि लगेच १.४.१ सोडा. चेंजलॉगमधे १.४.० मधे काय बिघडलं होतं ते साध्या शब्दात लिहा. शनिवारी संध्याकाळी रिलीज करायचं नाही हा नियम ह्याच्यासाठीच, दुरुस्त करायला माणूस जाग्यावर पाहिजे.

राहिलं ते माणसांचं. प्रोजेक्ट कुणाच्या पर्सनल अकाउंटवर ठेवू नका, गिटहबवर ऑर्गनायझेशन फुकट बनती, तिथं कमीत कमी दोन ओनर ठेवा आणि दोघं एकाच बॅचचे नकोत, एक शेवटच्या वर्षाचा तर एक दुसऱ्या. टू फॅक्टर लावला असेल तर रिकव्हरी कोड कागदावर काढून ठेवा. पब्लिश करणाऱ्या जॉबला एन्व्हायर्नमेंट लावून दुसऱ्याची मंजुरी बंधनकारक करा, गिटहबवर पब्लिक रिपॉझिटरीला ती सोय आहे. रिलीज कसं करायचं ते रिलीजिंग नावाच्या फाइलमधे लिहा, दहाबारा ओळीच्या वर गेली तर समजा अजून काहीतरी हातानं चाललंय. आणि मे महिन्यात, सीनियर पुण्याची बॅग भरायच्या आधी, ज्युनिअरला ती फाइल देऊन एक खरंखुरं छोटं रिलीज करायला लावा, सीनियरनं शेजारी बसायचं नाही, फक्त फोनवर. ज्युनिअरनं जेवढ्या वेळा फोन केला तेवढ्या गोष्टी फाइलमधे लिहायच्या राहिल्यात, त्या त्याच दिवशी भरून टाका.